नर किती, माद्या किती आणि ठरवतं कोण

"ताई, ह्या एका कार्डात नर किती अन् माद्या किती?"

सेलूकडचे एक काका पोळ्याच्या आगेमागे ट्रायकोकार्डं न्यायला येतात. एकरी तीन या हिशेबानं कार्डं घेतात, पैसे मोजून देतात आणि मग चहा संपेपर्यंत एकेक सवाल काढत बसतात. औंदाचा सवाल हा होता. त्याला जोडून पुढचं : "बोंडअळीच्या अंड्याला डंख मारणार ती मादी. नर नुसता हिंडणार. मग नराचे पैसे म्या काहून द्यायचे?"

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही. आमच्याकडच्या माणसाला सौद्यात गाठणं अवघड.

मी शेताच्या कडेला दोन खोल्यांत ही कार्डं बनवायचं छोटं युनिट चालवते. ज्यांनी कार्ड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड कागदाची पट्टी, तिच्यावर डिंकानं डकवलेली साधारण 20 हजार अंडी. अंडी कॉर्सिराची, म्हणजे साठवणीतल्या तांदूळ-ज्वारीत जाळ्या करणाऱ्या पतंगाची. अतिनील दिव्याखाली धरून आतला गर्भ मारलेला असतो, त्यामुळे अळी निघत नाही. मग ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक गांधीलमाशीच्या माद्या त्या अंड्यांत आपली अंडी घालतात; शेतात बोंडअळीच्या अंड्यांतही त्या हेच करतात. तीन-चार दिवसांनी पांढुरकी अंडी काळी पडू लागतात, आणि पुढे आठवड्याभरात प्रत्येक काळ्या अंड्याला गोल भोक पाडून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी बाहेर येते. नुसत्या डोळ्यांना ती हलते म्हणूनच दिसते. भिंगाखाली धरली की मात्र चैन असते : लालभडक डोळे, पंखांच्या कडेला केसांची झालर. नराच्या मिशांवर लांब लांब केस, मादीची मिशी टोकाला फुगीर आणि तुळतुळीत. मी काकांना भिंग दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नर लई दिसायलेत की ओ."

तर नर होतो कसा? मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या या सगळ्या कुळाचा हिशेब आपल्यापेक्षा निराळा. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला बापच नसतो. जिला नर भेटलाच नाही तीही अंडी घालते, फक्त सगळी नरांची. आमच्याकडच्या ट्रायकोग्रामा किलोनिसचं असंच आहे, म्हणून कार्डातून दोन्ही निघतात.

पण ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत नर औषधालाही सापडत नाही. माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून माद्याच निघतात, पिढ्यान् पिढ्या. 1990 साली रिचर्ड स्टाउथामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माद्यांना अँटिबायोटिक चारलं, आणि त्या वंशात नर निघू लागले. टेट्रासायक्लिननं निघाले, रिफाम्पिसिननं निघाले, नुसत्या उष्णतेनंही निघाले. माशीला काही आजार नव्हता. तिच्या पेशींत राहणारा एक जिवाणू मेला होता. त्याचं नाव वोल्बाकिया.

हा पहिल्यांदा दिसला 1924 साली, मार्शल हर्टिग आणि सिमियन वोल्बाक यांना, घरातल्या साध्या क्युलेक्स डासात. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आज अंदाज असा की जमिनीवरच्या कीटक आणि त्यांच्या भाईबंदांच्या शेकडा 40 जातींत तो असावा. तो पेशीच्या आत राहतो आणि पुढच्या पिढीत जातो तो आईच्या अंड्यातून. शुक्राणूत त्याला जागा नाही. म्हणजे नराच्या अंगात जन्मलेल्या वोल्बाकियाचा वंश तिथंच खुंटला. मग तो काय करतो, तर नर होऊच देत नाही. अफलित अंड्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. पहिल्या विभाजनाच्या वेळी तो दोन पेशींत वाटला जायला हवा, पण वोल्बाकिया असेल तर दोन्ही वाटे एकाच केंद्रकात राहतात. संच दुप्पट झाला, नर व्हायचं होतं त्या अंड्याची मादी झाली. सगळा खेळ पहिल्या काही तासांतला.

काकांना हवं ते वाण या जिवाणूनं आधीच करून ठेवलंय म्हणायचं. शंभर टक्के माद्या, नराचा खर्च शून्य.

तरी मला त्याची घाई नाही. एक तर वोल्बाकियावाल्या माद्या पुष्कळदा अंडी कमी घालतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आणि दुसरं म्हणजे आमचा उन्हाळा. 30 अंशांच्या वर वाढवलेल्या पिढ्यांत हा जिवाणू विरळ होत जातो आणि नर पुन्हा डोकं वर काढतात. एप्रिल-मे महिन्यात परभणीत पारा 42-43 ला टेकलेला असतो. आमच्या खोलीला कूलर आहे, कूलरला लाईट लागते, आणि लाईट आपल्या मर्जीनं येते. ज्या वाणाची सगळी मदार थंडाव्यावर, ते युरोपातल्या काचेच्या घरात ठीक आहे. इथं आधी इन्व्हर्टर घ्यावा लागेल.

यात मला सगळ्यात चाट करणारी गोष्ट पुढची आहे. आईकडून लेकीकडे एवढीच वाट असती तर गोष्ट सोपी होती. पण 2000 साली ट्रायकोग्रामा कायकाई या जातीवर झालेल्या कामात असं दिसलं की वोल्बाकिया असलेली आणि नसलेली अळी एकाच पतंगाच्या अंड्यात वाढली, तर नसलेलीला तो लागतो. अंड्याच्या आत, जिथं दोघी एकच बलक पितात तिथं. आणि ती लागण झालेली मादी पुढे नराशिवाय लेकी घालू शकते. आमच्या खोलीत असं एकाच अंड्यात दोघींचं येणं नवीन नाही. नवीन कार्डं आणि मूळ कार्ड, म्हणजे ज्यातून माश्या निघतात ते, यांचं प्रमाण आम्ही सहास एक ठेवतो, ते चुकून कमी झालं की माद्यांना अंडी पुरत नाहीत आणि एका अंड्यावर दोन-दोन माद्या बसतात. तेव्हा निघणाऱ्या माश्या बारक्या आणि पंख दुमडलेल्या असतात, एवढंच आम्ही बघतो. त्या अंड्यात आणखी कोणाची देवाणघेवाण होते, हे बघायला भिंग पुरत नाही.

आता खोलीच्या दुसऱ्या बाजूचं, म्हणजे पतंगाचं. ते खातं सासूबाईंकडे. पेटीत अडीच किलो ज्वारीचा भरडा, 100 ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, थोडं यीस्ट, कोळी होऊ नये म्हणून गंधक, आणि वरून स्ट्रेप्टोमायसिनच्या पाण्याचा हलका फवारा, म्हणजे भरड्यात जिवाणूंनी सड धरू नये. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला एकादशीला चमचाभर कूट, अन् किड्यायला वाटीभर? वरून दवाखाना बी?" आता त्याच पेटीवर हात ठेवून आतली गर्मी सांगतात. नाकाला पदर घट्ट बांधलेला असतो, कारण पतंगाच्या पंखांची धूळ छातीत बसते. या धंद्यातल्या कित्येकांना दमा लागलाय.

पेट्यांच्या खोलीत आमचा खरा वैरी म्हणजे ब्रॅकॉन. हीही गांधीलमाशीच, हीही परजीवी. कॉर्सिराच्या अळीला डंख मारून लुळी करते आणि अंगावर अंडी घालते. केरळात नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी हिलाच मुद्दाम सोडतात, तिथं ती मित्रकीटक. आमच्या जाळीतून एक आत शिरली तर पंधरवड्यात पेट्याच्या पेट्या बसतात. मित्र-शत्रूचे तक्ते कृषी प्रदर्शनात छान दिसतात, मी स्वतः लावलेत, पण त्यांच्यावर फार विसंबू नये.

लुळी करून ठेवलेली अळी सडत का नाही, हा प्रश्न मला कीर्तनात पडला. हसू नका. आमच्याकडे कीर्तनात कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी, येतेच. ती मातीचं घर बांधते, अळी आणून कोंडते, दाराशी गुणगुणते, आणि त्या धाकानं, त्या ध्यासानं अळी कुंभारीणच होऊन बाहेर पडते. बुवा हे ध्यानाबद्दल सांगत असतात आणि तिथं ते शोभतंही. पण चैत्रातल्या तापलेल्या भिंतीवर, मातीच्या बंद कोठडीत, मऊ अंगाची अळी आठवडाभर ताजी राहते कशी? आमच्या स्वयंपाकघरात सकाळची भाजी संध्याकाळी नासते.

उत्तराचा एक भाग डंखात आहे. विष अळीला मारत नाही, लुळी करतं. जिवंत अंगाची स्वतःची राखण चालू असते. दुसरा भाग परजीवी माशीच्या पिल्लाच्या पोटात आहे. गांधीलमाशीच्या अळीचं जठर मागच्या बाजूला बंद असतं. ती खात राहते, पण वाढ पूर्ण होईपर्यंत विष्ठा टाकत नाही. ज्या अंगात राहायचं, ज्यावर जेवायचं, ते घाण करायचं नाही. शेवटी, कोषावस्थेच्या सुमारास, आतड्याचा मार्ग उघडतो आणि सगळा साठा एकदम बाहेर टाकला जातो. आतले जिवाणूही पुष्कळसे त्यासोबत जातात, म्हणून माशीचं पोट अळीपणी वेगळं आणि मोठेपणी वेगळं. परजीवी माशीच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास करायचा तर आधी विचारावं लागतं : कोणत्या वयाची माशी?

तिसरा भाग पाहायचा तर झुरळाकडे यावं लागतं. आपल्याकडे हिरव्या-निळ्या झळाळीची, लाल मांड्यांची एक माशी असते, अँप्युलेक्स. झुरळाच्या मेंदूत नेमका डंख मारते, त्याची मिशी धरून दावणीच्या बैलासारखं बिळात नेते आणि पायावर अंडं घालते. अळी पुढे झुरळाच्या आत शिरते. झुरळ गटारातलं, त्याच्या अंगात सेराशियासारखे जिवाणू, आणि ते वाढले तर अळीचं जेवण आणि अळी दोन्ही गेली. जर्मनीत रेगन्सबर्गच्या संशोधकांनी झुरळाला खिडकी पाडून आत बघितलं. अळी तोंडातून थेंब थेंब द्रव काढून झुरळाला आतून सारवत होती. त्या थेंबांत मेलीन आणि मायक्रोमोलाइड नावाची दोन द्रव्यं होती, आणि दोन्ही मिळून नाना प्रकारच्या जिवाणूंना आवरत होती. हे काम 2013 सालचं. पेट्यांवर स्ट्रेप्टोमायसिन मारताना मला ती अळी हमखास आठवते.

माशी जिवाणू आवरते तशी वाहतेही. कापसावरच्या पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर एरेटमोसेरस नावाची बारीक परजीवी माशी येते. दरवेळी अंडं घालतेच असं नाही. नळी टोचून बघते, पसंत नाही पडलं तर पुढच्या पिल्लाकडे जाते. 2015 साली चीनमधल्या एका अभ्यासात दिसलं की या टोचाटोचीत एकीतला वोल्बाकिया दुसरीत जातो, आणि जी पिल्लं वाचतात ती मोठी होऊन तो आपल्या अंड्यांत उतरवतात. पूर्वी गावोगावचे डॉक्टर एकच सुई उकळून सगळ्या वाड्याला टोचायचे, आणि उकळायला विसरले की काय व्हायचं, तसलाच हा प्रकार. ज्या माशीला आपण पांढऱ्या माशीचा काळ म्हणून सोडतो, ती तिच्या जिवाणूंची टपालवालीही निघाली.

हे नातं कुठवर जाऊ शकतं याचं टोक म्हणजे असोबारा टॅबिडा. फळमाशीच्या अळ्यांवर जगणारी ही युरोपातली माशी. फ्रान्समध्ये हिच्यातला वोल्बाकिया अँटिबायोटिकनं काढला, तर माद्या दिसायला धडधाकट, पण अंडाशयात अंडी तयारच होईनात. जिवाणू भाडेकरू म्हणून आला आणि सातबारावर नाव लावून बसला.

इथपर्यंत सगळं माशीच्या बाजूचं. भक्ष्याकडेही आपापले जिवाणू आहेत, आणि इथं मावा फार पुढे गेलाय. माव्याच्या अंगात बुकनेरा नावाचा जिवाणू पिढीजात असतो, रसात नसलेली अमिनो आम्लं तो करून देतो. हा घरचा. त्याशिवाय काही माव्यांत हॅमिल्टोनेला नावाचा पाहुणा असतो, आणि तो असला की परजीवी माशीनं आत घातलेलं अंडं बहुधा जगत नाही. 2003 साली वाटाण्यावरच्या माव्यात हे दाखवलं गेलं. पुढे कळलं की मारणारं विष जिवाणूचं नाहीच. जिवाणूच्या अंगात एक विषाणू राहतो, त्याच्याकडे त्या विषाची जनुकं. विषाणू हरवला की जिवाणू असूनही मावा उघडा पडतो. मावा, त्यात जिवाणू, त्यात विषाणू, आणि समोर माशी. माशीही मुकाट बसत नाही. अशा राखण असलेल्या माव्यात ती पुष्कळदा एकाऐवजी दोन अंडी घालते, आणि दोन असली की एखादं पिल्लू तगून जाण्याची शक्यता वाढते. तिला आतलं कसं कळतं, देव जाणे.

शिवाय ही राखण फुकट नाही. माश्याच नसतील अशा पिंजऱ्यात हॅमिल्टोनेलावाले माव्याचे वंश मागे पडत जातात. आपल्या चवळीवर, भुईमुगावर येतो त्या काळ्या माव्यातही हा जिवाणू काही वंशांत सापडलाय, आणि तिथं तो एका जातीच्या माशीला अडवतो, दुसरीला अडवत नाही. म्हणून कोणी म्हणालं की "अमुक मित्रकीटक सोडा, मावा संपला", की मी विचारते, कोणता मावा, कुठल्या पिकावरचा.

उलट अळ्यांचं. घाटेअळी एवढी खादाड, तिच्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असेल असं वाटतं. 2017 साली रानातल्या 124 जातींच्या अळ्या तपासल्या, तर आत जिवाणू फारच थोडे, आणि तेही बहुतेक पानावरून पोटात गेलेले. एका जातीच्या अळ्यांना अँटिबायोटिक देऊनही त्यांच्या वाढीत फरक पडला नाही. अळीचं आतडं म्हणजे वाहता रस्ता, तिथं कोणी घर करत नाही. मला हे वाचून बरंच वाटलं. सगळ्याच गोष्टींत जिवाणू शोधायची फॅशन आली होती.

आणि मोसंबीच्या बागांत, जालन्याकडे, डाळिंबावर, येतो तो पिठ्या ढेकूण. त्याची एक जात, प्लॅनोकोकस सिट्री. हिच्या पेशीत ट्रेम्बलाया नावाचा जिवाणू आणि त्या जिवाणूच्या आत मोरानेला नावाचा दुसरा जिवाणू. जिवाणूत जिवाणू. ट्रेम्बलायाचा जनुकसंच फक्त 1 लाख 39 हजार अक्षरांचा उरलाय. एकेक अमिनो आम्ल बनवताना काही पायऱ्या याच्या, काही त्याच्या, काही खुद्द ढेकणाच्या. या ढेकणात अंडं घालणारी माशी नेमकं काय खाते म्हणाल, तर हे सगळं बिऱ्हाड.

परत कार्डांकडे. कार्डं दिल्यावर मी प्रत्येकाला एक सांगते : आधी आणि नंतर आठवडाभर कीटकनाशक मारू नका. ते बहुतेकजण ऐकतात. पण औंदा पावसानं उघडीप दिली नाही, कापसाच्या पानांवर करप्याचे कोनीय ठिपके आले आणि जो तो कॉपर ऑक्सिक्लोराइडमध्ये ती पुडी टाकायला लागला. पुडीत काय असतं? स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. दोन्ही नावं वर येऊन गेलीत, आणि वोल्बाकिया मारणारं ते दुसरं.

शेजारच्या गावातल्या एका दादाला फोनवर म्हटलं, पुडी मारणार असाल तर कार्ड आत्ता नेऊ नका.

"ताई, पुडीनं किडा मरत नसतो. दुकानदारानं सांगितलंय."

"किडा मरतो म्हणाले का मी? किड्यातलं दुसरं काही मरतं."

"आता किड्यात अजून काय असायलंय?"

त्याला मघाचं सगळं सांगायला बसले असते तर त्याचा बॅलन्स संपला असता. एवढंच म्हटलं की कार्डं फ्रीजमध्ये 10 अंशांवर आठ दिवस थांबतील, आधी तुमची पुडी उरकून घ्या, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानाच्या खालच्या बाजूला पट्ट्या टाचा. तो बरं म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता त्यानंही विचारलंच, की कार्डातले नर वेगळे काढून देता येतील का.

तेव्हा या हंगामापासून प्रत्येक लॉटची एक पट्टी काचेच्या नळीत बाजूला ठेवते. माश्या निघाल्या की भिंगाखाली मिशा बघून नर-मादी मोजायचे, तारीख आणि खोलीचं तापमान शेजारी लिहायचं. सासूबाई मोजतात, मी लिहिते. त्यांची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. नर दिसला की त्या "हा आला बघ, आयतोबा" म्हणतात आणि वहीत एक रेघ पडते.